नमाजेतलं दुरूद: कुठे, कसं आणि किती सावकाश

माझ्याकडे नमाज शिकायला येणाऱ्या बहुतेक बायका वयानं मोठ्या आहेत. कुरआनातली सूरह फातिहा येते, छोट्या सूरह म्हणजे अध्याय येतात, रुकू-सजद्यातल्या (वाकताना आणि डोकं टेकताना म्हणायच्या) तसबीह तर झोपेतही म्हणतील. दुरूदपाशी, म्हणजे पैगंबरांवर कृपा व्हावी म्हणून म्हणायच्या प्रार्थनेपाशी, मात्र गाडी अडते. येत नाही असं नसतं. येतं, पण एका दमात, एका माळेत, शब्द कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला याचा पत्ता नसताना. "आपा, अल्लाला कळतंय ना, मग झालं," असं एकीनं मला सुनावलं होतं. अल्लाला कळतंच. पण म्हणणारीला काय कळलं, हे मला विचारायचं असतं. म्हणून दुरूद मी सगळ्यांना मुळापासून शिकवते, आधी येत असलं तरी.

आधी जागा पक्की करू. नमाजेच्या शेवटच्या बैठकीत तुम्ही अत्तहियात (त्याच शब्दानं सुरू होणारी, बसून म्हणायची प्रार्थना) म्हणता, त्यात शहादत, म्हणजे श्रद्धेची साक्ष, येते, तर्जनी उठते. अत्तहियात संपली की लगेच दुरूद, दुरूदनंतर दुआ, आणि मग मान वळवून सलाम फेरून नमाज संपवायची. दोन रकातींची (रकात म्हणजे नमाजेचा एक फेरा) नमाज असेल तर बैठक एकच, त्यामुळे गोंधळ नाही. तीन-चार रकातींच्या नमाजेत दोन बैठका येतात आणि प्रश्न तिथेच निर्माण होतात. त्यांच्याकडे पुढे येते.

अत्तहियातनंतर दुरूद का, हे समजलं की क्रम पुन्हा चुकत नाही. कुरआनात सूरह अल-अहजाबच्या 56व्या आयतीत सांगितलं आहे की अल्लाह आणि त्याचे फरिश्ते पैगंबरांवर सलात (कृपा-आशीर्वाद) पाठवतात. ईमानवाल्यांनो, तुम्हीही त्यांच्यावर सलात पाठवा आणि सलाम पाठवा. म्हणजे कामं दोन आहेत. सलाम तर सहाबांना, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांना, आधीच ठाऊक होता. अत्तहियातमध्ये आपण "अस्सलामु अलैक अय्युहन्नबिय्यु" म्हणतो, तोच. सलात कशी पाठवायची हे मात्र त्यांनी पैगंबर मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांना विचारलं. कअब बिन उज्रा (रजि.) यांची रिवायत (त्यांनी सांगितलेली हकीकत) बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, दोन्ही संग्रहांत आहे. ते एकाला म्हणतात, तुला एक भेट देऊ का? आणि भेट म्हणून हा प्रश्न आणि त्याला पैगंबरांनी (स.) दिलेलं उत्तर सांगतात. ते उत्तर म्हणजेच आपण नमाजेत म्हणतो ते दुरूदे इब्राहीम. अबू मसऊद अन्सारी (रजि.) यांच्या रिवायतीत आणखी एक गोष्ट आहे. बशीर बिन सअद (रजि.) यांनी हा प्रश्न विचारल्यावर पैगंबर (स.) इतका वेळ गप्प राहिले की बसलेल्यांना वाटलं, यांनी विचारलंच नसतं तर बरं झालं असतं. मग उत्तर आलं. हा प्रसंग सांगितला की पाठ घोकणाऱ्या बायका एकदम थांबतात. ज्या ओळी आपण धावत म्हणतो त्या सांगण्याआधी पैगंबर (स.) किती वेळ थांबले होते, हे त्यांच्या लक्षात येतं.

आता शब्द. वहीत असे लिहून घ्या, दोन भागांत, मध्ये एक ओळ मोकळी सोडून:

अल्लाहुम्म सल्लि अला मुहम्मदिंव्
व अला आलि मुहम्मदिन्
कमा सल्लैत अला इब्राहीम
व अला आलि इब्राहीम
इन्नक हमीदुम् मजीद

अल्लाहुम्म बारिक् अला मुहम्मदिंव्
व अला आलि मुहम्मदिन्
कमा बारक्त अला इब्राहीम
व अला आलि इब्राहीम
इन्नक हमीदुम् मजीद

अर्थ असा: हे अल्लाह, मुहम्मदांवर आणि मुहम्मदांच्या परिवारावर कृपा कर, जशी तू इब्राहीम यांच्यावर आणि इब्राहीम यांच्या परिवारावर केलीस, निःसंशय तूच स्तुतीला पात्र, तूच थोर. दुसऱ्या भागात तीच मागणी बरकतीची.

दोन्ही भाग शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात सल्लि आणि सल्लैत, दुसऱ्यात बारिक् आणि बारक्त. बाकी सगळं अक्षरशः तेच. म्हणजे पहिला भाग पक्का झाला की दुसऱ्यासाठी नवे शब्द फक्त दोन. मी बायकांना या चार शब्दांखाली लाल पेनानं रेघ मारायला लावते. पाठ करताना आधी फक्त जोड्या म्हणायच्या, सल्लि-सल्लैत, बारिक्-बारक्त. त्या जिभेवर बसल्या की मग बाकीची ओळ भोवती भरायची. उलट क्रमानं, म्हणजे आधी सगळं घोकून, जे शिकतात ते हमखास एका ठिकाणी अडकतात. पहिला "हमीदुम् मजीद" झाला की दुसऱ्या भागाऐवजी पुन्हा "सल्लि"वर जातात आणि गोल गोल फिरत राहतात. एक शाळकरी मुलगा तर इमामांनी सलाम फेरेपर्यंत पहिलाच भाग म्हणत बसायचा. त्याला मी एवढंच सांगितलं की पहिल्या मजीदवर श्वास घ्यायचा आणि मनात बारिक् धरूनच तोंड उघडायचं. असं फिरणं झालंच तर घाबरू नका. शेवटच्या बैठकीत दुरूदचा भाग दोनदा म्हटला गेला म्हणून सजदा-ए-सह्व (चुकीच्या भरपाईचे शेवटचे दोन सजदे) लागत नाही. पुढे बारिक् म्हणा आणि चला.

उच्चारांवर मी जरा जास्त वेळ घालवते, कारण मराठी बोलणाऱ्या जिभेच्या काही सवयी इथे आडव्या येतात, आणि त्या बाहेरगावच्या मौलवींच्या लक्षातही येत नाहीत.

पहिली सवय शेवटच्या इकाराची. मराठीत शब्दाच्या शेवटी इकार आला की तो दीर्घ, ही शाळेपासूनची शिस्त. त्यामुळे सल्लि वाचताना "सल्ली" होतं आणि आलि वाचताना "आली" होतं. दोन्ही ऱ्हस्व ठेवायचे. सल्लिचा इकार ओढला तर अरबीत ती आज्ञा स्त्रीला केल्यासारखी होते, त्यामुळे ही चूक किरकोळ धरू नका. मी सांगते, सल्लिनंतर थांबूच नका, लगेच "अला"ला चिकटवा: सल्लि-अला. जोडून म्हटलं की इकार आपोआप आखडतो. आलिचं तसंच: आलि-मुहम्मद, आलि-इब्राहीम.

बारिक् या शब्दाला तर आपल्याकडे भलताच भाऊ आहे. "कांदा बारीक चिर" म्हणणाऱ्या तोंडातून इथेही "बारीक" निघतो. बा लांब, रि आखूड, आणि क् पायमोडका.

याच्या उलट इन्नक, सल्लैत, इब्राहीम या शब्दांचं शेवटचं अक्षर पायमोडकं करायचं नाही. मराठीत आपण "फळ", "घर" म्हणताना शेवटचा अ खाऊन टाकतो. इथे तो खायचा नाही, आणि ओढून "इन्नाका", "सल्लैता" असा लांबही करायचा नाही. क पूर्ण म्हणायचा, एवढंच. काही छापील पुस्तकांत "इन्नका" असं छापलेलं असतं. ते क खाल्ला जाऊ नये म्हणून, लांबवण्यासाठी नव्हे. कमा मधला मा मात्र खरोखर लांब आहे. आणि अगदी शेवटी, जिथे तुम्ही थांबता, तिथे मजीदचा द् पायमोडका, कारण थांबताना शेवटची मात्रा सोडतात.

मग राहिली देवनागरीत न मावणारी अक्षरं. मुहम्मद आणि हमीद यांतला ह घशाच्या मधून, थोडा घासून येतो. अल्लाहुम्म आणि इब्राहीम यांतला ह आपला नेहमीचा. सल्लिचा स जाड, तोंड भरून. अलाचा अ हा ऐन हे अरबी अक्षर आहे, घशातून येणारं. आलिचा आ साधा. "व अला आलि" हे तीन शब्द म्हणताना सगळ्यांची सरमिसळ होते आणि "वलालि" ऐकू येतं. इथे लिहून काही साधत नाही. चांगलं वाचणाऱ्या माणसासमोर बसा, त्याच्या तोंडाकडे बघा, मागून म्हणा. मोबाईलवर ऐकण्यापेक्षा समोरचं माणूस बरं, कारण मोबाईल तुमची चूक ऐकत नाही. आणि घशातली अक्षरं जमेपर्यंत नमाज थांबवू नका. प्रयत्न चालू ठेवा, नमाजही चालू ठेवा.

सरावाला वुझू (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुणं) लागत नाही. नमाजेबाहेर दुरूद कधीही म्हणता येतं. मासिक पाळीच्या दिवसांत नमाज माफ असली तरी दुरूद म्हणायला हरकत नाही, आणि माझ्या अनुभवात पाठांतराला तेच दिवस उत्तम, कारण घाई नसते.

आता त्या दोन बैठका. इथे मसलक, म्हणजे तुमची धर्मशास्त्राची परंपरा, हनफी की शाफई वगैरे, पाहावा लागतो. हनफी पद्धतीत फर्ज (अनिवार्य), वित्र (इशानंतरची तीन रकातींची) आणि सुन्नते मुअक्कदा (आग्रहानं सांगितलेली सुन्नत) या नमाजांच्या पहिल्या बैठकीत फक्त अत्तहियात म्हणून उठायचं. दुरूद तिथे नाही. विसरून "अल्लाहुम्म सल्लि अला मुहम्मद" इतकं म्हणून झालं तर तिसऱ्या रकातीला उठायला उशीर झाला असं मानतात आणि शेवटी सजदा-ए-सह्व करावा लागतो. जमातीत इमामांच्या मागे असताना ही चूक तुमच्याकडून झाली तर वेगळा सजदा नाही. नफिल (ऐच्छिक) आणि सुन्नते गैर-मुअक्कदाच्या (तितका आग्रह नसलेल्या) चार रकाती मात्र वेगळ्या: जसं असरच्या (दुपारनंतरच्या) आणि इशाच्या (रात्रीच्या) फर्जआधीच्या. त्यांत पहिल्या बैठकीतही दुरूद म्हणायचं आणि तिसरी रकात सनापासून, म्हणजे नमाजेच्या सुरुवातीच्या स्तुतीपासून, सुरू करायची. हे पुष्कळांना माहीत नसतं.

शाफई पद्धतीत पहिल्या बैठकीतसुद्धा पैगंबरांवर (स.) दुरूद म्हणणं सुन्नत आहे, आणि ते सुटलं तर शेवटी सजदा-ए-सह्व करणं सुन्नत. म्हणजे एकाला जे म्हटल्यामुळे सजदा, दुसऱ्याला तेच न म्हटल्यामुळे सजदा! शेजारी बसलेली बाई तुमच्यापेक्षा उशिरा उठली तर तिला कोपरानं ढोसू नका, ती शाफई असेल.

शेवटच्या बैठकीतल्या दुरूदचं वजनही सारखं नाही. हनफींकडे ती सुन्नते मुअक्कदा आहे. सुटली तर नमाज होते, सजदा-ए-सह्व लागत नाही, पण जाणूनबुजून सोडायची सवय वाईट. मालिकींकडेही ती सुन्नतच. शाफईंकडे मात्र ती फर्ज आहे, आणि हंबलींच्या प्रसिद्ध मतानुसारही ती नमाजेचा रुक्न (अविभाज्य भाग) आहे. शाफई माणसानं दुरूदशिवाय सलाम फेरला आणि लगेच आठवलं, तर परत बसून दुरूद म्हणायचं, सजदा-ए-सह्व करायचा आणि सलाम फेरायचा. खूप वेळ गेला असेल तर नमाज पुन्हा. फर्ज पुरी होण्यासाठी किमान "अल्लाहुम्म सल्लि अला मुहम्मद" इतकं पुरतं, पण पूर्ण दुरूद येत असताना किमानावर भागवू नये असं मी म्हणेन. दोन्ही भाग सावकाश म्हटले तरी अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतात. तेवढा वेळ सगळ्यांकडे असतो.

इमामांच्या मागे नेहमीचा प्रश्न: माझं दुरूद अर्धंच झालं आणि त्यांनी सलाम फेरला, मग? हनफी मुक्तदीनं (इमामांच्या मागे नमाज पढणाऱ्यानं) अत्तहियात पूर्ण झाली असेल तर दुरूद आहे तिथे सोडून इमामांबरोबर सलाम फेरावा. अत्तहियातच अपुरी असेल तर ती पूर्ण करून मग सलाम. शाफई मुक्तदीनं दुरूदचा फर्ज भाग पूर्ण करूनच सलाम फेरावा. आणि ज्यांची एखादी रकात सुटली आहे, म्हणजे ज्यांना इमामांच्या सलामनंतर उठायचं आहे, त्यांनी हनफी पद्धतीत अत्तहियात इतकी सावकाश म्हणावी की इमामांचा सलाम येईपर्यंत ती पुरेल. तुमची खरी शेवटची बैठक अजून यायची आहे, दुरूद तिथे.

आवाज? स्वतःच्या कानाला कळेल इतकाच. नमाज मोठ्यानं वाचायची असो की हळू, अत्तहियात आणि दुरूद सगळेच हळू म्हणतात, इमामसुद्धा. पण ओठ मिटून मनातल्या मनात म्हणणं हे म्हणणं नव्हे. जीभ आणि ओठ हलले पाहिजेत. नजर मांडीकडे असू द्या.

"इब्राहीम यांचं नाव मध्ये कसं आलं?" हे मला दर वेळी विचारलं जातं. उलमांनी, म्हणजे धर्मविद्वानांनी, यावर खूप लिहिलं आहे, ते सगळं सांगत बसत नाही. पण सूरह हूदची 73वी आयत मी आवर्जून वाचून दाखवते. फरिश्ते हजरत इब्राहीम (अ.) यांच्या घरी येतात, त्यांच्या पत्नीला इसहाक आणि त्यानंतर याकूब यांची खुशखबर देतात. त्या म्हणतात, मी म्हातारी, माझे पतीही वृद्ध, मला मूल कसं होणार? फरिश्ते उत्तर देतात: अल्लाहच्या कामाचं आश्चर्य वाटतं? या घरच्या लोकांनो, तुमच्यावर अल्लाहची रहमत आणि त्याच्या बरकती आहेत. तो हमीद आहे, मजीद आहे. आता दुरूद परत म्हणून बघा. इब्राहीमांचं घर, बरकत, आणि शेवटी तीच दोन नावं, हमीद, मजीद. एका म्हाताऱ्या बाईला तिच्या घरात मिळालेल्या खुशखबरीचे शब्द आपण रोज कितीदा म्हणतो, हे कळल्यापासून माझ्या वर्गातल्या आज्यांचं दुरूद आपोआप संथ झालं. मी काही केलं नाही.

दुरूदचे आणखी सही (प्रमाण) शब्दही हदीसांत आहेत. अबू हुमैद साइदी (रजि.) यांच्या रिवायतीत "आलि मुहम्मद"च्या जागी "व अज्वाजिही व जुर्रिय्यतिही", म्हणजे त्यांच्या पत्नी आणि त्यांची संतती, असे शब्द आहेत. अबू मसऊद यांच्या रिवायतीत शेवटी "फिल्-आलमीन" येतं. ऐकलं तर दचकू नका, कोणी चुकत नाहीये. पण शिकत असताना एकच रूप धरा. दोन रूपं अर्धी अर्धी मिसळली की नमाजेत जीभ कोणत्या वाटेनं जाईल सांगता येत नाही. काही जण मुहम्मदच्या आधी "सय्यिदिना" जोडतात; बऱ्याच शाफई उलमांनी ते पसंत केलं आहे, इतर अनेक जण हदीसच्या शब्दांवरच राहतात. यावरून मशिदीत वाद घालणाऱ्यांची मला गंमत वाटते.

दुरूदनंतर दुआ. फजाला बिन उबैद (रजि.) यांच्या रिवायतीत आहे की एक माणूस नमाजेत अल्लाहची स्तुती न करता, दुरूद न म्हणता थेट मागू लागला. पैगंबर (स.) म्हणाले, यानं घाई केली, आधी स्तुती, मग माझ्यावर दुरूद, मग जे मागायचं ते मागा. अत्तहियात-दुरूद-दुआ हा क्रम त्याच्याशी किती नेमका जुळतो बघा. दुआ कोणती? अबू बक्र (रजि.) यांनी नमाजेत म्हणण्यासाठी दुआ विचारली तेव्हा शिकवलेली "अल्लाहुम्म इन्नी जलम्तु नफ्सी" ही बहुतेक नमाजेच्या पुस्तकांत असते. ती लांब वाटली तर कुरआनातली "रब्बना आतिना" म्हणा, ती बहुतेकींना आधीच येते. मराठीत मागायचं असेल तर सलाम फेरल्यानंतर हात उचलून हवं तितकं मागा. हनफी मसलकात नमाजेच्या आत अरबीच ठेवतात.

शेवटची एक जागा, जिथे बैठक नसते म्हणून लोक गडबडतात: जनाज्याची नमाज. चार तकबिरी ("अल्लाहु अकबर" म्हणणं), सगळं उभ्यानं, रुकू-सजदा नाही. पहिल्या तकबिरीनंतर हनफी सना म्हणतात, शाफई फातिहा. दुसऱ्या तकबिरीनंतर हेच दुरूदे इब्राहीम, तिसरीनंतर मय्यतीसाठी, म्हणजे मृतासाठी, दुआ, चौथीनंतर सलाम. इमाम कधी कधी भरभर जातात. दुरूदच्या पहिल्या भागात असतानाच तिसरी तकबीर झाली, तर उरलेलं तिथेच सोडा, तकबीर म्हणा आणि दुआला लागा. मय्यतीची दुआ पाठ नसेल तर निदान "अल्लाहुम्मग्फिर लहू" म्हणा, आणि मय्यत बाईची असेल तर "लहू"ऐवजी "लहा".